ट्रॉलीची जोडणी व टोचन : यात्रेस निघण्यापूर्वी घ्यावयाची दक्षता



मार्गशीर्ष व माघ महिन्यांत सौंदत्तीच्या श्री रेणुका यल्लम्मादेवीच्या आणि रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या श्री मायाक्कादेवीच्या यात्रेस आपल्या सीमाभागातून व महाराष्ट्रातून हजारो कुटुंबे जातात. पूर्वी हा प्रवास बैलगाडीने होत असे. आजही काही घराण्यांनी ती प्रथा जपली आहे. परंतु बहुतेक ठिकाणी बैलगाडीची जागा ट्रॅक्टर-ट्रॉलीने घेतली आहे. यात्रेखेरीज महाप्रसादाचे जळण व धान्य आणणे, मंडपाचे सामान हलविणे, गणेशमूर्तीची मिरवणूक, विजेचे जनित्र ओढून नेणे, अशा प्रत्येक कार्यात ट्रॉली असतेच. देवकार्यात तिचा एवढा वाटा असताना ती ट्रॅक्टरला ज्या एका लोखंडी खिळीने जोडलेली असते, तिच्याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. सदर लेख त्या खिळीविषयी व तिच्या भोवतीच्या जोडणीविषयी आहे.

एका पिनेची हकीकत

काही वर्षांपूर्वी उत्सवाच्या आदल्या दिवशी महाप्रसादाचे जळण घेऊन येणारी एक ट्रॉली देवळाकडील चढावर ट्रॅक्टरपासून सुटली. ट्रॅक्टर पुढे गेला आणि ट्रॉली उलट दिशेने उतरत जाऊन शेताच्या बांधाला अडकली. मागून येणारे लोक वेळीच बाजूला झाले. एरवी जळणावर बसून येणाऱ्या सेवेकरी भगिनी त्या दिवशी आधीच देवळात पोहोचल्या होत्या. कोणासही इजा झाली नाही, ही देवीची कृपा.

नंतर पाहिले तेव्हा असे आढळले की, जोडणीची मूळ पीन केव्हाच हरवली होती. तिच्या जागी बांधकामाच्या सळईचा हातभर तुकडा घातला होता आणि तो वर उडू नये म्हणून खाली तारेचे वेटोळे दिले होते. सळई मधोमध तुटली होती. ट्रॉलीचे मालक सज्जन व मेहनती शेतकरी. ते अत्यंत खिन्न होऊन म्हणाले, "दोन वर्षे याच सळईवर ऊस ओढला, पण कधी काही झाले नाही."

त्यांचे म्हणणे खरे होते. किंबहुना या विषयातील सर्वांत मोठी फसगत या एका वाक्यातच आहे. जी जोडणी दोन वर्षे टिकली, ती तिसऱ्या वर्षी का तुटावी? याचे उत्तर समजून घेतले, तर पुढील सर्व नियम आपोआप पटतात.

जोडणीवर प्रत्यक्ष किती भार येतो?

मालासह ५ टन वजनाची ट्रॉली गृहीत धरू. सपाट डांबरी रस्त्यावर सावकाश जाताना चाकांना होणारा विरोध वजनाच्या साधारण दोन टक्के असतो. म्हणजे एवढी मोठी ट्रॉली ओढण्यास पिनेवर सुमारे १०० किलोचाच ताण येतो. तेवढा ताण एखादी साधी सळईही सहज सोसते. म्हणून कमकुवत जोडणीही दिवसचे दिवस "चालते".

आता तीच ट्रॉली चढावर घेऊ. दहा फुटांस एक फूट चढ असेल, तर वजनाचा दहावा भाग, म्हणजे ५०० किलो, मागे ओढू लागतो. त्यात रस्त्याचा विरोध मिळवला की ताण ६०० किलोंवर जातो. सपाटीपेक्षा हा सहापट आहे.

उतारावर किंवा अचानक ब्रेक लावल्यावर गणित उलटते. आपल्याकडील बहुसंख्य ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टरने मध्यम जोराचा ब्रेक लावला, तरी मागची ट्रॉली सुमारे दीड टनाच्या जोराने ट्रॅक्टरला पुढे ढकलते. हा सर्व जोर त्याच पिनेतून जातो.

परंतु सर्वांत घातक असतो तो हिसका. पीन बारीक आणि छिद्र मोठे असेल, तर दोहोंमध्ये फट राहते. ट्रॅक्टर निघताना आधी ती फट मिटते आणि मग ट्रॉलीस झटका बसतो. ट्रॅक्टर २ टनांचा, ट्रॉली ५ टनांची आणि दोघांच्या वेगातील फरक सेकंदाला केवळ अर्धा मीटर, म्हणजे माणसाच्या संथ चालीपेक्षाही कमी धरला, आणि तो झटका एक सेंटिमीटर अंतरात जिरला असे मानले, तर पिनेवर सरासरी १,८०० किलोंच्या आसपास घाव बसतो. सपाटीवरील ओढीच्या हा अठरापट आहे. रस्त्यातील प्रत्येक खड्डा, प्रत्येक गतिरोधक व प्रत्येक थांबणे-निघणे म्हणजे असा एकेक घाव होय.

लोखंड "थकते"

एखादी तार एकदा वाकवून तुटत नाही. तीच पुन्हा पुन्हा इकडे-तिकडे वाकवली की तुटते, हा अनुभव प्रत्येकास आहे. पिनेचेही तसेच होते. प्रत्येक हिसक्यागणिक एखाद्या खाचेपाशी केसाएवढी चीर पडते व ती हळूहळू आत सरकते. बाहेरून पीन धडधाकट दिसते. उरलेला भाग अखेर अपुरा पडतो, तेव्हा ती एका क्षणात तुटते. तुटलेल्या पिनेचे तोंड पाहिल्यास हे स्पष्ट कळते. जुन्या चिरेचा भाग गंजलेला, काळसर असतो आणि शेवटी तुटलेला भाग चकचकीत, ताजा दिसतो. वर सांगितलेल्या सळईचा निम्म्याहून अधिक भाग काळा होता. याचा अर्थ ती त्या दिवशी तुटली असे म्हणणे पूर्ण खरे नाही. ती कित्येक महिने तुटतच होती.

झिजेचा हिशेबही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ३० मिलिमीटर जाडीची पीन झिजून २४ मिलिमीटर झाली, तर पाहणाऱ्यास ती "थोडीशी" झिजलेली वाटते. परंतु वाकण्यास विरोध करण्याची तिची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटते. जाडी एक पंचमांशाने कमी झाली की ती ताकद जवळजवळ निम्म्यावर येते.

घरगुती जोडणीतील नेहमीचे दोष

गावातील लोहार व वेल्डिंगवाले कारागीर कुशल असतात, याविषयी शंका नाही. अनेकांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे. दोष कारागिरीचा नसून बहुधा साहित्याच्या निवडीचा व घाईचा असतो. वारंवार आढळणारे दोष पुढीलप्रमाणे :

१. सळईची पीन. बांधकामाची सळई काँक्रीटमध्ये ताण घेण्यासाठी असते. तिच्या अंगावरील कंगोरे काँक्रीट धरून ठेवण्यासाठी असतात. पीन म्हणून वापरताना हेच कंगोरे चीर पडण्याची जागा ठरतात. शिवाय पूर्ण अंगाऐवजी केवळ कंगोऱ्यांवर भार येतो.

२. आट्याचा बोल्ट. आट्यांच्या प्रत्येक खाचेत ताण एकवटतो. आटे असलेला भाग जोडणीच्या छिद्रात आला, तर बोल्ट नेमका तेथेच तुटतो.

३. कमानीच्या पाट्याला वेल्डिंग. ट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा अतिशय "दणकट" म्हणून हुकासाठी निवडला जातो. तो दणकट असतो हे खरे. परंतु ते स्प्रिंगचे पोलाद आहे. साधे वेल्डिंग केल्यावर ते वेगाने थंड होते आणि जोडाशेजारचा पट्टा काचेसारखा ठिसूळ बनतो. असा हूक वाकून इशारा देत नाही, एकदम तडकतो.

४. एकाच पट्टीवरील पीन. पिनेला वर व खाली अशा दोन्ही बाजूंनी पट्टी असावी आणि ट्रॉलीच्या दांडीचे कडे त्यांच्या मध्ये बसावे. एकाच पट्टीतून उभी केलेली पीन प्रत्येक ओढीला कलते व वाकते.

५. कुलपाच्या खिळीऐवजी तार किंवा खिळा. पीन खाली निसटू नये वा वर उडू नये म्हणून तिच्या टोकास स्प्रिंगची खिळी असते. तिची किंमत अत्यल्प असते, म्हणूनच ती हरवल्याचे कोणास वाटत नाही. तार झिजते आणि खिळा गळून पडतो. त्यानंतर पीन केवळ स्वतःच्या वजनावर उभी राहते.

जुन्या जाणत्यांना स्मरत असेल की, बैलगाडीस बाहेर काढण्यापूर्वी जू, शिवळा, जुपण्या व चाकांच्या खिळी हाताने चाचपून पाहण्याची रीत होती. चाकाची एक खीळ निघाली तर गाडी कलंडेल, हे प्रत्येक गाडीवानास ठाऊक होते. वाहन बदलले, परंतु हाताने चाचपण्याची रीत मात्र मागे राहिली.

जोडणीची उंची : जिवावरचा प्रश्न

आतापर्यंत ट्रॉली सुटण्याचा विचार केला. दुसरा धोका ट्रॅक्टरवर बसलेल्या चालकाचा आहे.

ट्रॅक्टरची ओढ त्याच्या मागील चाकांच्या आसापेक्षा खालून असावी लागते. ओढ आसाच्या वरून असेल, म्हणजे दोर वा साखळी आसाभोवती किंवा वरच्या जोडदांड्याच्या कानाला बांधली असेल, तर जड ओझे न हलल्यास ट्रॅक्टरच मागील चाकांवर फिरतो. पुढील चाके उचलली जातात आणि एक-दीड सेकंदात ट्रॅक्टर चालकावर उलथतो. क्लच दाबण्यास अवधीच मिळत नाही. चिखलात रुतलेली ट्रॉली किंवा रथ बाहेर काढताना असे अपघात घडतात, कारण त्या वेळी घाई असते, भोवती गर्दी असते आणि हाताशी येईल तेथे दोर बांधला जातो.

ही गोष्ट नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीचे हलके ट्रॅक्टर नांगर दगडास अडकताच मागे उलथत असत. उत्तर आयर्लंडमधील यंत्रज्ञ हॅरी फर्ग्युसन यांनी या प्रश्नाचा ध्यास घेतला. अवजार तीन ठिकाणी जोडण्याची जी पद्धत त्यांनी विकसित केली, ती १९३९ साली फोर्ड कंपनीच्या ट्रॅक्टरवर आली. आज आपल्या गावातील प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे दोन खालचे व एक वरचा असे जे तीन दांडे दिसतात, ते त्याच पद्धतीचे होत. मात्र वरचा दांडा अवजाराचा तोल सांभाळण्यासाठी आहे. तो ट्रॉली ओढण्यासाठी नाही. ट्रॉली ट्रॅक्टरबरोबर आलेल्या हुकालाच किंवा ओढदांडीलाच जोडावी. छिद्रांची आडवी पट्टी खालच्या दोन दांड्यांत बसवून वापरली जात असेल, तर ती वर-खाली होऊ नये म्हणून दिलेले आधारदांडे बसविलेले असलेच पाहिजेत.

रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागील चाकांना लाकडाचा ओंडका बांधण्याची युक्ती काही जण करतात. ती कदापि करू नये. चाक फिरले नाही की ट्रॅक्टर फिरतो. प्रथम ओझे उतरवावे, चाकांपुढील माती काढावी आणि शक्य असल्यास मागे घेऊन बाहेर यावे.

ट्रॉलीतील भार कोठे असावा?

दोन चाकी ट्रॉली ही एक तराजूच आहे. तिचा थोडा भार पुढे, दांडीवर पडावा लागतो. माल मागील फळीकडे रचला, तर दांडी वर उचलू पाहते. त्यातून तीन गोष्टी एकदम घडतात. पीन वर ढकलली जाते. ट्रॅक्टरची मागील चाके हलकी होऊन ब्रेकची पकड कमी होते. आणि ट्रॉली शेपटीसारखी डोलू लागते. याउलट सर्वच भार अगदी पुढे घेतला, तर ट्रॅक्टरची पुढील चाके हलकी होतात व सुकाणू ऐकेनासे होते. म्हणून जड सामान आसाच्या किंचित पुढे व तळाशी ठेवावे.

येथेच माणसांचा प्रश्न येतो. धान्याची पोती जेथे ठेवावी तेथे राहतात, माणसे राहत नाहीत. वळणावर सर्व जण एका बाजूस झुकतात. देवळाचा कळस दिसताच सारे उठून उभे राहतात. मागील फळीवर मुले पाय सोडून बसतात. ज्या तोलावर जोडणी अवलंबून आहे, तो तोल दर क्षणी बदलत राहतो.

माणसांची वाहतूक : स्पष्ट बोलणे आवश्यक

१ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूरजवळील घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची ट्रॉली पाण्याच्या डबक्यात उलटली. पंचवीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. त्यानंतर तेथील शासनाने ट्रॅक्टर-ट्रॉलीचा वापर प्रवासासाठी करू नये, असे आवाहन केले. तरीही २४ फेब्रुवारी २०२४ रोजी, माघी पौर्णिमेस, त्याच राज्यातील कासगंज जिल्ह्यात गंगास्नानास निघालेल्या भाविकांची ट्रॉली तळ्यात कोसळून वीसहून अधिक जीव गेले.

या दोन्ही दुर्घटना जोडणी तुटून झाल्या, असा आमचा दावा नाही. त्यांतून दिसते ते एवढेच की, ट्रॉली उलटली तर आत बसलेल्यांना धरण्यास काही नसते, आसनपट्टा नसतो आणि वरून सारी ट्रॉली अंगावर येते. जोडणी उत्तम असली तरी ट्रॉली हे माणसांचे वाहन होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतही शेतीच्या ट्रॉलीची व्याख्या प्रामुख्याने शेतमाल वाहण्याचे साधन अशीच आहे.

यास आणखी एक बाजू आहे. मालवाहू वाहनातून विनाभाडे नेलेल्या माणसांना अपघात झाल्यास त्याची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. म्हणजे पुण्यकर्म म्हणून शेजाऱ्यांना ट्रॉलीत घेऊन जाणाऱ्या मालकावर नुकसानभरपाईचा सारा बोजा पडू शकतो. एका घराचा कर्ता जातो आणि दुसऱ्या घराची जमीन जाते. दोन्ही घरे एकाच गावातील, कधी एकाच भावकीतील असतात.

यास्तव संस्थानची नम्र विनंती आहे की, माणसांनी बसने किंवा प्रवासी वाहनाने यावे. गावातील दहा-बारा घरांनी मिळून बस ठरविल्यास खर्च वाटला जातो. ट्रॉलीत केवळ सामान यावे.

टोचन करताना

बंद पडलेली जीप वा मोटार दोराने ओढून नेणे, म्हणजेच टोचन करणे, यात्रेच्या वाटेवर नित्याचे आहे. त्याविषयी काही सूचना :

१. ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवाना असलेला चालक बसलेला असावा. गाडी कुलूपबंद नसावी. किल्ली फिरवून सुकाणू मोकळे केलेले असावे, अन्यथा पहिल्याच वळणावर ते अडकते.

२. इंजिन बंद असताना ब्रेकला व सुकाणूला मिळणारी यंत्राची मदत बंद होते. ब्रेक दगडासारखा कठीण लागतो. हे चालकास आधी सांगावे आणि निघण्यापूर्वी त्यास एकदा ब्रेक दाबून पाहू द्यावा.

३. दोर गाडीच्या ओढकड्यालाच बांधावा. बंपर, सुकाणूचे दांडे किंवा कमान यांना बांधू नये.

४. दोन गाड्यांतील अंतर पाच मीटरपेक्षा अधिक ठेवू नये. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत असावा. दोराच्या मध्यभागी लाल फडके बांधावे, म्हणजे मधून कोणी दुचाकी घालणार नाही. मागील गाडीवर टोचन चालू असल्याचा ठळक फलक लावावा.

५. नायलॉनचा दोर ताणला की रबरासारखी शक्ती साठवतो. तो तुटला किंवा त्याचे कडे निखळले, तर ते बंदुकीच्या गोळीसारखे मागे येते. ओढ सुरू असताना दोराच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. मुलांना दूर ठेवावे.

६. उतार असल्यास दोराने टोचन करूच नये. दोर केवळ ओढू शकतो; तो मागील गाडीस अडवू शकत नाही. अशा ठिकाणी उचलून नेणारे वाहन मागवावे.

निघण्यापूर्वीची तपासणी

पुढील तपासणीस दहा मिनिटे पुरतात :

१. पीन बाहेर काढून पुसावी व उजेडात पाहावी. ती वाकलेली, खाच पडलेली वा एका बाजूने झिजलेली असल्यास बदलावी. चीर दिसल्यास वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये.

२. पीन छिद्रात खुळखुळत असेल तर केवळ नवी पीन पुरेशी नाही. छिद्र लांबट झाले असल्यास ती पट्टी किंवा कडे बदलावे.

३. स्प्रिंगची खिळी जागेवर असावी. अशा दोन-तीन खिळी व एक जादा पीन अवजारांच्या पेटीत ठेवावी.

४. ट्रॉलीच्या दांडीचे वेल्डिंग पाहावे. रंगावर गंजाची बारीक रेघ दिसली की तेथे चीर असू शकते. नवा रंग देऊन ती झाकू नये.

५. पिनेखेरीज दोन मजबूत साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून, ट्रॅक्टरच्या चौकटीस वेगळ्या ठिकाणी बांधाव्या. पीन तुटली तरी दांडी साखळ्यांच्या झोळीत राहते, जमिनीत रुतत नाही. साखळी वळणास पुरेल एवढी सैल असावी, पण रस्त्याला टेकू नये. दावणीची साखळी येथे उपयोगाची नाही.

६. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक शेतात वेगवेगळे वापरले जातात. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पॅडल पट्टीने एकत्र जोडावीत. एकाच बाजूचा ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर जागीच वळतो व ट्रॉली त्यावर येते.

७. उतार सुरू होण्यापूर्वी खालचा गिअर घ्यावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये.

८. ट्रॉलीच्या मागे दिवा व लाल परावर्तक पट्टी असावी. रात्री रस्त्याकडेला उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास दिसत नाही.

९. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा जोडणीच्या दांडीवर कोणीही बसू नये. घसरलेला माणूस थेट चाकाखाली जातो.

१०. एका ट्रॅक्टरामागे दोन ट्रॉल्या जोडून देवळाच्या चढावर आणू नयेत.

संस्थानने ठरविलेली व्यवस्था

वर सांगितलेल्या घटनेनंतर विश्वस्त मंडळाने असे ठरविले की, उत्सवाचे सामान आणणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीची जोडणी चढाच्या पायथ्याशी पाहिली जाईल. या सेवेत गावातील दोन अनुभवी कारागीर आहेत. पीन वा खिळी सदोष आढळल्यास नवी पीन संस्थानच्या खर्चाने दिली जाते. यामागे कोणास दोष देण्याचा हेतू नाही. पहिल्या वर्षी ही तपासणी काहींना अपमानास्पद वाटली. ट्रॉलीचे ते मालकच पुढे आले व आपली ट्रॉली सर्वांत आधी तपासून घेतली. तेव्हापासून कोणी तक्रार केलेली नाही.

ती तुटलेली सळई संस्थानच्या कार्यालयात ठेवली आहे. ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी अवश्य पाहावी. तिच्या तोंडावरील काळा व चकचकीत भाग आजही स्पष्ट दिसतो. हा लेख वाचून जे समजणार नाही, ते ती सळई हाती घेतल्यावर समजेल.

देवीच्या दर्शनास निघालेला प्रत्येक जण सुखरूप घरी परतावा, एवढीच प्रार्थना. आपल्या गावातील ट्रॅक्टरमालक व चालक बंधूंना हा लेख वाचून दाखवावा, ही विनंती.



— विश्वस्त मंडळ